बारा बाटल्यांचं लोणचं

गेली दोन वर्षं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी माझ्या घरी आठ-दहा सुशिक्षित माणसं जमवते आणि कोणत्या सिनेमाबरोबर कोणती बिअर प्यावी हे त्यांना समजावून सांगते. हे वाक्य आत्ता कागदावर वाचून स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते, पण खोटं कशाला बोलू? पुण्यात हे चालतं. नुसतं चालत नाही, लोक वह्या घेऊन येतात. बिअरसुद्धा साधी नाही, क्राफ्ट. म्हणजे छोट्या भट्टीत बनवलेली, जिच्या लेबलवर मालकाचं मनोगत छापलेलं असतं. भुताच्या सिनेमाला कॉफीच्या वासाची काळी स्टाउट, कोर्टातल्या सिनेमाला कडू, कौटुंबिक रडारडीला गव्हाची. रडारडीला गव्हाचीच का, असं एका गृहस्थांनी विचारलं होतं. त्यांना मी पुन्हा बोलावलं नाही.

तर ही विद्या घेऊन मी भंडारा जिल्ह्यात चार दिवस जाऊन आले. तिथे कोणी मागितली होती का? नाही.

करुणा, सुनंदा आणि मी, आम्ही तिघींनी नागपूरला हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढली. सुनंदा आता नागपुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते आणि स्वतः गाडी चालवताना कोणताही नियम पाळत नाही. करुणा कोंढ्याच्या पुढे तिच्या स्वतःच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. तिनं लग्न केलं नाही, ती आईजवळ राहते. हॉस्टेलात तिची एक गंमत होती. रात्री कोणाची पाण्याची बाटली जरी कलंडली तरी ती ताडकन उठून बसायची आणि दाराकडे बघत राहायची. आम्ही तिला ‘चौकीदार’ म्हणायचो आणि पोट धरून हसायचो.

डिसेंबरात मी तिला फोन केला, की आपण तिघी भेटू, मी सिनेमे आणि प्रोजेक्टर घेऊन येते, धमाल करू.

“ये ना व,” करुणा म्हणाली. “सिनेमे आण. बाकी काही आणू नको.”

मी जन्मानं पुणेकर. आमच्याकडे ‘काही आणू नका हं’ याचा अर्थ ‘काय आणताय ते आम्ही बघणार आहोत’ असा होतो. म्हणून मी बारा बाटल्या नेल्या, सहा चवींच्या, प्रत्येकीच्या दोन. थर्माकोलच्या पेटीत, माझ्या परकरांत गुंडाळून. शिवाय प्रत्येक सिनेमाचं एक छापील कार्ड. अडाणीपणा करायचा तर तो नीटनेटका करावा, हे आमच्या घराण्याचं ब्रीद आहे.

शुक्रवार

सुनंदानं मला नागपूरला स्टेशनवरून उचललं आणि भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला हायवेवर पोहे खायला थांबवलं. पोह्यांवर चण्याची तर्री होती. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले, दुसऱ्या घासाला नाक. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतात आणि लिंबाची फोड दाखवतात, त्यामुळे पोहे खाताना रडायची सवय नव्हती. मी नाक पुसत सुनंदाला माझी कार्डं दाखवली. तिनं सगळी वाचली.

“म्हंजे बिअर प्यायले शिकवून राहिली तू लोकाईले?”

“आस्वाद घ्यायला.”

“आमच्या इकडे लोक आपले आपलेच शिकते,” ती म्हणाली आणि दुसरी प्लेट मागवली.

पुढचा रस्ता मात्र सुंदर होता. धान कापून झालं होतं, बांध्यांत नुसती खुंटं उभी होती, आणि दर चार-पाच किलोमीटरला एक तलाव. सुनंदानं मला जिल्ह्याचा इतिहास एका वाक्यात सांगितला: तिचं आजोळ आधी भंडारा जिल्ह्यात होतं, मग जिल्हा फुटला आणि एक दिवस सकाळी आजी उठली ती गोंदिया जिल्ह्यात. आजीनं मरेपर्यंत ते मान्य केलं नाही.

गावात शिरताच पहिल्याच घराच्या भिंतीवर गेरूनं रंगवलेली बाटली दिसली. आडवी पडलेली. पुढच्या भिंतीवर तशीच आणखी एक, मग समाजमंदिराच्या कंपाउंडवर चार.

“अगं, इथे तर आपली जाहिरात!” मी खिडकीतून ओरडले.

सुनंदानं गाडी हळू केली. “मुग्धा, आधी तोंड बंद कर. आता सांग, त्या पेटीबद्दल करुणाले माहीत आहे?”

“सरप्राइज आहे.”

“मेलो,” सुनंदा म्हणाली.

मग तिनं मला तिथेच, एका आडव्या बाटलीसमोर गाडी थांबवून सांगितलं. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बाया अर्ज करतात, मग सरकार फक्त बायांचं मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. आणि यादीत जितक्या बाया आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवेत. जी घरी बसली, तिचं मत दुकानाच्याच बाजूनं गेलं म्हणायचं.

“मतदान कधी आहे, कोनाले माहीत,” ती म्हणाली आणि तेवढ्यात तिला भिंतीवर लिहिलेलं दिसलं. रविवारी. परवा.

करुणाचं घर आलं. मी पेटीला हात लावणार तोच तिचे मोतीराम काका धावत आले. पाहुण्यानं आपलं सामान आपण उचललं तर तिथे घराची इज्जत जाते. पुण्यात पाहुण्याला तिसऱ्या मजल्यावर बॅगेसकट चढू देतात आणि वर पोचल्यावर ‘दमलात का?’ विचारतात. काकांनी माझी पेटी थेट डोक्यावर घेतली.

“काय आहे व बाई यात? लई जड आहे!”

“लोणचं,” मी म्हणाले. का म्हणाले? माहीत नाही. पुणेरी माणूस अडचणीत आला की त्याला लोणचंच आठवतं.

काकांनी पेटी ओसरीवर ठेवली. ती टेकताना आतून किणकिण असा बारीक आवाज झाला, आणि नेमक्या त्याच वेळी करुणाची आई दारात आली. सुमनबाई. ठेंगणी, काटक, हात पदराला पुसत. मी ‘नमस्कार काकू’ म्हणाले.

“जय भीम, बाई. काकू कायची? माय म्हण.” मग पेटीकडे बघून, “कायचं लोणचं?”

“कैरीचं.”

“पौषात?”

“मुरलेलं आहे,” मी म्हणाले.

मायनं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. “बरं झालं. उद्या सिनेमाले बाया येतीन, त्याईच्या जेवनात वाढू,” असं म्हणून तिनं काकांना पेटी आत ठेवायला सांगितली. तिच्या स्वतःच्या खाटेखाली.

करुणानं मला तलावाच्या पाळीवर फिरायला नेलं. पाण्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते, पलीकडे मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्या बांधलेल्या होत्या, फार देखणं दृश्य होतं. ते मी नंतर आठवून लिहिते आहे, कारण तेव्हा करुणा माझी चामडी सोलत होती.

“मी काय म्हटलं होतं तुले फोनवर?”

“अगं, ते म्हणायचं असतं…”

“आमच्याकडे जे म्हणायचं असते तेच म्हणते! काही आणू नको म्हंजे काही आणू नको!” तिचा आवाज चिरकला. “आई वर्षभर घरोघर फिरून राहिली मुग्धा. सह्या घेतल्या. दोन खेपा अर्ज परत आला. तारीख अचानक लागली, आधी माहीत असती तं तुमाले बोलावलंच नसतं. शाळेच्या वाटेवर दुकान आहे, माझी पोरं त्या पडलेल्या मानसाईले ओलांडून वर्गात येते. अन् आता आमच्याच घरातून बाटली निघाली ना, तर तो दुकानवाला भोंगा लावून सांगन. मंग कोन देईन आईले मत?”

मी म्हणाले, पेटी सुनंदाच्या गाडीत घालून परत पाठवू. तर तेही जमेना. पाहुण्याचं सामान तीन दिवस आधी परत निघालं तर गाव विचारणार, भांडण झालं का? आणि लोणचं परत कोण नेतं?

शिवाय आणखी एक भानगड कळली. माय सभा बोलावते तेव्हा दुकानवाल्याच्या भीतीनं बाया येत नाहीत. सिनेमा म्हटल्यावर मात्र येतात, आणि नवरेही अडवत नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, पडदा बांधला की गाव येणारच, तिथे ‘आम्ही तिघीच बघू’ वगैरे चालत नाही. तेव्हा माझा खासगी, निवडक रसिकांसाठीचा कार्यक्रम शनिवारी दुपारी धानाच्या गोदामात साऱ्या गावातल्या बायांसाठी जाहीर झाला होता.

रात्री वांगे-झिंग्यांची भाजी होती. झिंगे म्हणजे तलावातली बोटाच्या पेरांएवढी कोळंबी. सोबत भात, मग भात आणि शेवटी थोडा भात. मी मान खाली घालून जेवले. माय सारखी वाढत होती आणि लोणच्याचं नावही काढत नव्हती. मला वाटलं, विसरली. पुण्याच्या माणसाला समोरच्याबद्दल असंच वाटतं.

शनिवार

सकाळी ओसरीवर म्हाताऱ्या बायांची तालीम होती. करुणानं वहीच्या पानांवर दोन-दोन बाटल्या काढल्या होत्या आणि बटाट्याचा शिक्का केला होता. सगळ्यांत पुढे पार्बताबाई. ढिवर मोहल्ल्यातल्या सगळ्यांत मोठ्या, बाजारात शिंगाडे आणि मासोळ्या विकतात. त्या जिकडे जातात तिकडे अख्खा मोहल्ला जातो असं करुणा म्हणाली. पार्बताबाईंनी बटाटा उचलला, दातओठ खाल्ले आणि असा काही दणका दिला की पाटावरची शाई उडाली.

“ठेचली रांडेले!” त्या म्हणाल्या.

शिक्का उभ्या बाटलीवर होता.

“मावशी, आडवीवर माराचा,” करुणा म्हणाली.

“कायले? आडवी तं पडलीच आहे. जे उभी आहे तिले ठेचाले नको?”

मागच्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या आणि एकामागून एक येऊन उभ्या बाटलीला ठेचून गेल्या. हिशेब त्यांचा बरोबरच होता. चूक सरकारचीच. उभी बाटली समोर काढून म्हातारीच्या हातात दणका द्यायचं हत्यार द्यायचं आणि वर म्हणायचं, हिला मारू नका. करुणानं तीनदा समजावलं. तीनदा त्या ‘हो व’ म्हणाल्या आणि तीनदा त्यांनी उभीलाच ठेचलं. मायचा चेहरा उतरला. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळानं आतून हाक आली. “मुग्धा! ते लोणचं काढ बरं.”

सुनंदानं मला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी थाप मार. म्हण, बुरशी आली. म्हण, फुटलं. मला चार थापा तयार सुचल्याही होत्या, त्यांतली एक तर फारच चांगली होती. पण आत गेले तर माय चुलीपुढे बसून भल्यामोठ्या गंजात भाजी हलवत होती, आणि मला एकही बोलवेना.

“माय, त्या पेटीत लोणचं नाही.”

“मंग?”

“बिअर आहे. बारा बाटल्या.”

ती भाजी हलवत राहिली. “मले मालूम आहे.”

“कधीपासून?”

“मोतीरामनं पेटी टेकवली तवापासून. करुणाचा बाप तीस वरस याच दारातून पिशवी घेऊन आला. कधी म्हने औषध आहे, कधी म्हने तेल आहे. एक खेप लोनचंही म्हनला होता. बरनी वाजते धप्प. बाटली वाजते किन्न. मी झोपेत असली तरी मले ऐकू येते. तो मरून नऊ वरस झाले. अजूनही येते.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“पाहून राहिली होती,” माय म्हणाली. “त्यानं कवाच आपल्या तोंडानं सांगतलं नाही. तू सांगते का नाही, पाहून राहिली होती.”

करुणा दारात उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि मला हॉस्टेलची खोली आठवली. अंधारात ताडकन उठून दाराकडे बघणारी ती आणि चादरीत तोंड खुपसून हसणाऱ्या आम्ही दोघी. तीन वर्षं! मला लाज वाटली. एरवी मी लाजेवरसुद्धा विनोद करते, तेव्हा करता आला नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मायनं मला रडू दिलं आणि मग हातात सुरी देऊन कांदे चिरायला बसवलं. म्हणाली, रडूनच राहिली आहे तर हे करून घे.

कांदे चिरून होईपर्यंत तिच्या डोक्यात काहीतरी शिजलं होतं. “त्या बाटल्या काचेच्या आहे ना? लंब्या? उभ्या राहते?”

“राहतात.”

“मंग रिकाम्या कर.”

घरामागच्या खताच्या खड्ड्यावर मी आणि सुनंदा बसलो. मी एकेक बाटली उघडली आणि ओतली. गव्हाची, ‘संत्र्याच्या सालीचा हलका स्पर्श’ असलेली. कडू, ‘जिभेवर रेंगाळणारी’. आंब्याची. लेबलं मीच पाठ केली होती, त्यामुळे ओतताना ती मला ऐकू येत होती. शेवटची काळी स्टाउट सुनंदानं नाकापाशी धरली. मागून माय आली.

“वास घेऊन राहिली होती फक्त,” सुनंदा म्हणाली आणि खड्ड्यात ओतली.

दुपारी धानाच्या गोदामात अर्ध्या भागात पोती होती आणि अर्ध्यात बाया. खिडक्यांवर ताडपत्री लावून अंधार केला होता. आता सिनेमा कोणता दाखवायचा? माझ्याकडचे सहाच्या सहा बिअरसाठी निवडलेले. सहांत एकही माणूस धड शुद्धीवर नव्हता. शेवटी त्यातल्या त्यात सभ्य असा जुना काळा-पांढरा रहस्यपट लावला, बंगल्यात खून होतो तो. कार्डावर मी लिहिलं होतं: ‘धुरकट चव. शांतपणे, मौनात पाहावा.’

मौन? पहिल्या दहा मिनिटांत एक बाई म्हणाली, “खुनी तो माळी आहे.” का? “तो मालकिनीकडे पाहतच नाही, तिच्या चाव्याईकडे पाहून राहिला.” झालं, रहस्य संपलं. मग त्या नायकाच्या मागे लागल्या. नायक प्रत्येक संकटात कपाटातून बाटली काढायचा. आमच्याकडे या प्रसंगांना सगळे आपला ग्लास उचलतात, तशी पद्धतच पडली आहे. इथे अख्खं गोदाम ओरडायचं: “काढली! काढली पाय मेल्यानं!” एकदा तो बाटलीकडे नुसता बघत बसला आणि शेवटी त्यानं हात मागे घेतला, तर टाळ्या पडल्या. पुढच्याच क्षणी त्यानं घेतलीच. तेव्हा एक तरुण बाई अगदी हळू म्हणाली, “असंच करते.”

तिथे मायनं मला हात केला. मी सिनेमा थांबवला. पडद्यावर टेबल आणि टेबलावर उभी बाटली, तशीच राहिली.

मायनं दोन पोत्यांवर फळी टाकली आणि माझ्या बारा रिकाम्या बाटल्या रांगेत उभ्या केल्या. करुणानं तिचा हात धरला. ती पुटपुटली, “आई, नको सांगू, दुकानवाल्याची बहीण बसली आहे.” मायनं हात सोडवून घेतला.

“ह्या बाटल्या माझ्या घरातून आल्या,” ती मोठ्यानं म्हणाली. “ही करुणाची मैतरीन, हिनं पुन्याहून भरून आनल्या होत्या. खोटं बोलून आनल्या, अन् मंग खरं सांगतलं. आज मी रिकाम्या करवल्या. ज्याले कोनाले सांगाचं आहे त्यानं सांगा. पार्बता, ये इकडे.”

पार्बताबाई उठल्या.

“पाड.”

पार्बताबाईंनी हाताच्या उलट्या बाजूनं पहिल्या बाटलीला अशी चपराक दिली की ती फळीवर आडवी होऊन गरगर फिरली. हशा झाला. मायनं बटाट्याचा शिक्का त्यांच्या हातात दिला. “आता शिक्का मार. पडलेलीवर.”

“हे तं मेली. मेलीवर कायले मारू?”

इथे मायला शब्द सापडला. मी तिचा चेहरा बघत होते, मला तो सापडताना दिसला. “तुहा सासरा मेला तवा काय केलं? मेला म्हनून सरकार मानलं का?”

“नाही ना! दाखला आनाले लावला.”

“दाखल्यावर काय होतं?”

“शिक्का.”

“मंग? बाटली मेली, हे सरकारले सांगाले नको? मेलीवर शिक्का. उभीवर मारला तं जित्ती असल्याचा दाखला भेटन तिले!”

पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला. “अगो बाई!” त्या म्हणाल्या. “सकाळी मी जित्तीचा दाखला दिला का?” आणि त्यांनी आडव्या बाटलीच्या पोटावर, माझ्या भट्टीवाल्याच्या मनोगतावर, शिक्का उमटवला.

मग रांग लागली. प्रत्येक बाई यायची, बाटली उभी करायची, पाडायची आणि शिक्का मारायची. कोणी चापट मारून, कोणी एका बोटानं ढकलून. ती ‘असंच करते’ म्हणालेली तरुण बाई आली, बाटली दोन्ही हातांनी धरून तिनं हळूच झोपवली आणि शिक्का मारल्यावर जरा तिथेच उभी राहिली. सिनेमा पुढे लावला तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. माळीच खुनी होता.

रविवार

दुकानवाल्याला बातमी पोचायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. सकाळी, मतदान होतं त्या शाळेच्या वाटेवर त्याचा माणूस उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होता, की दारूबंदीवाल्या सुमनबाईच्या घरी पुण्याची बाटली आली, पेटीभर आली. करुणाचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मनात म्हणत होते, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात ढिवर मोहल्ला आला. पुढे पार्बताबाई, मागे तीस-चाळीस बाया, धुतलेली लुगडी नेसून. त्या माणसानं त्यांनाही सांगितलं.

“आली ना,” पार्बताबाई चालता चालता म्हणाल्या. “मीच पाडली.”

मागून हसू उसळलं आणि सगळ्या आत गेल्या. नंतर तो माणूस तिथे फार वेळ थांबला नाही.

दिवसभर आम्ही शाळेसमोरच्या निंबाखाली बसलो. मजुरीला गेलेल्या बाया सुट्टी मारून आल्या. एका बाळंतिणीला बाजेसकट उचलून आणलं. निम्म्याहून एक कमी भरली तरी सगळं वाया, हे मायनं इतक्या वेळा सांगितलं होतं की बाया येणाऱ्यांची तोंडं मोजत होत्या. संध्याकाळी तहसीलच्या माणसांनी वर्गाचं दार लावून मोजणी केली. आजवर मी निकालाची अशी वाट माझ्या स्वतःच्या परीक्षेचीही बघितली नव्हती. दार उघडलं. साहेबानं आधी चष्मा पुसला, मग कागद वाचला. आडवी बाटली, अगदी थोडक्या मतांनी. थोडक्या म्हणजे, ढिवर मोहल्ल्यानं शनिवारच्या तालमीसारखं उभीला ठेचलं असतं तर गेलंच होतं.

बायांनी जे काही केलं त्याला ओरडणं म्हणतात, नाचणं म्हणतात, आणि सुनंदानं त्यात हॉर्न वाजवला. माय मात्र शाळेच्या पायरीवर खाली बसली. करुणानं तिला पाणी दिलं.

“आता दुकान बंद होईन,” माय म्हणाली. “रातच्याले कोनी पिशव्या घेऊन जानार नाही दारावरून.” मग पाण्याचा दुसरा घोट घेऊन, “झोप येन मले.”

सोमवार

निघताना मोतीराम काकांनी माझी पेटी पुन्हा डोक्यावर घेतली. ती पुन्हा जड होती. मी मायकडे बघितलं.

“लोनचं म्हटलं होतं ना तू? बाटल्याईचं तोंड बारीक आहे, लोनचं जात नाही त्यात. जवसाचं तेल भरलं, घरचं. मैतरनीईले दे. अन् खरं काय ते सांगून दे.”

नागपूरपर्यंत आणि पुढे गाडीत रात्रभर पेटी माझ्या बर्थखाली होती. रुळांचा सांधा आला की किन्न. पुढचा सांधा आला की किन्न. माझा डोळा काही लागला नाही. एक रात्र. मी तीस वर्षांचा गुणाकार करून बघितला आणि सोडून दिला.

आता तुम्ही विचाराल, तर मी बिअर सोडलेली नाही, उगाच टाळ्या वाजवू नका. शेवटच्या शनिवारी माझ्याकडे नेहमीचे रसिक जमले. एक गृहस्थ जिन्यावरून येत होते, अजून पहिल्या मजल्यावरच होते, आणि मी त्यांच्यासाठी दार उघडून उभी राहिले.

“तीन बाटल्या आहेत ना पिशवीत?” मी वरूनच विचारलं.

“तुला कसं कळलं?”

आत जाऊन करुणाला फोन लावला. नऊसुद्धा वाजले नव्हते. म्हटलं, मायला दे जरा, सहजच.

“झोपली आहे,” करुणा हळू आवाजात म्हणाली. “मघाशी माझ्या हातून तांब्या पडला व, चांगला दानकन. उठलीच नाही.”